गावतळ्यावरील पाणकावळे : पिलांची ओळख व तत्सम पक्ष्यांपासून भेद

पावसाळा स्थिरावून गावतळी भरली म्हणजे मत्स्यसंवर्धन करणाऱ्या गावकऱ्यांची व सहकारी संस्थांची बीज सोडण्याची लगबग सुरू होते. रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली विकत आणून तळ्यात सोडली जाते. नेमक्या याच दिवसांत तळ्याकाठच्या बाभळींवर, चिंचांवर व वडांवर पाणकावळ्यांची वीण चालू असते. आणि आश्विन-कार्तिकाच्या सुमारास पाण्यावर काळ्या-तपकिरी पक्ष्यांची संख्या एकाएकी वाढलेली दिसते. पुढे मासळी कमी निघाली की सर्व दोष या पक्ष्यांवर येतो. झाडे तोडावीत, घरटी पाडावीत, प्रसंगी विषारी आमिष टाकावे, असे विचार गावसभेत मांडले जातात. अशा वेळी ग्रामकार्यकर्त्यास विचारले जाते, "हे पक्षी कोणते, आणि यांचे करावयाचे काय ?"

पहिल्या प्रश्नाचे अचूक उत्तर दिल्यावाचून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. तळ्यावरील प्रत्येक काळा पक्षी पाणकावळा नव्हे. आणि प्रत्येक पाणकावळा काळाही नसतो. त्याची पिले तपकिरी असतात, काहींचे पोट तर पांढरे असते. त्यामुळे एकीकडे निरुपद्रवी पक्षी दोषी ठरतात, तर दुसरीकडे खरा मासेखाऊ पक्षी ओळखूच येत नाही. सबब, या पाठात पाणकावळ्याच्या पिलांची लक्षणे व त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांपासून त्यांचा भेद क्रमाने सांगितला आहे.

पाणकावळ्याची सर्वसाधारण लक्षणे

नावात कावळा असला तरी या पक्ष्याचा कावळ्याशी काही संबंध नाही. पाणकावळा हा पाण्यात बुडी मारून, पायांनी पाणी रेटीत माशाचा पाठलाग करणारा पक्षी आहे. त्याची पाच लक्षणे ध्यानात ठेवावीत.

१. चोच : निमुळती असून तिचे टोक आकड्यासारखे खाली वळलेले असते.
२. मान : लांब, परंतु बगळ्यासारखी बारीक नसते.
३. शेपूट : ताठ व लांबट असते.
४. पोहण्याची ढब : अंग पाण्यात बरेचसे बुडालेले, पाठ जेमतेम वर, आणि चोच किंचित आकाशाकडे उचललेली असते.
५. पंख वाळविणे : पाण्याबाहेर येताच खुंटावर, दगडावर किंवा वाळल्या फांदीवर बसून दोन्ही पंख पसरून उन्हाकडे धरतो.

या पाचव्या लक्षणाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बदकाच्या पिसांवरून पाणी निथळून जाते. पाणकावळ्याच्या पिसांचा बाहेरचा भाग मात्र भिजतो. पिसांत अडकलेली हवा त्यामुळे कमी होऊन अंगास जडपणा येतो आणि बुडी मारणे सोपे जाते. त्या सोयीची किंमत म्हणून त्यास वरचेवर पंख वाळवावे लागतात.

आपल्याकडील तीन जाती

लहान पाणकावळा गावतळ्यांवर सर्वांत अधिक आढळतो. त्याची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर, म्हणजे कावळ्याहून थोडी अधिक असते. चोच आखूड, डोके वाटोळे आणि शेपूट अंगाच्या मानाने लांब असते.

भारतीय पाणकावळा लांबीला सुमारे ६३ सेंटिमीटर असून सडपातळ असतो. त्याची चोच लांब व बारीक असते. पाठीवरील पिसांना गडद कडा असल्याने पाठ खवल्याखवल्यांची भासते. प्रौढ पक्ष्याचा डोळा निळसर-हिरवा असतो.

मोठा पाणकावळा ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक लांबीचा, जाड मानेचा व भक्कम चोचीचा असतो. घरच्या बदकाहून तो स्पष्टपणे मोठा दिसतो. चोचीच्या मुळाशी पिवळी कातडी व तिच्यालगत पांढरा पट्टा असतो. विणीच्या काळात मांडीवर पांढरा ठिपका येतो.

उजनी, जायकवाडी यांसारख्या विस्तीर्ण जलाशयांवर या तिन्ही जाती पाहावयास मिळतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील जुने मालगुजारी तलाव, अन्यत्रचे पाझर तलाव व लहान गावतळी येथे मात्र मुख्यत्वे लहान पाणकावळ्याशीच गाठ पडते.

घरट्यातील पिले

पाणकावळा काटक्यांचे घरटे झाडावर बांधतो. बहुधा त्याच झाडावर गायबगळे, ढोकरी व रातबगळे यांचीही वीण चालू असते. यास्तव एका झाडाखाली सापडलेली सर्व पिले एकाच जातीची समजू नयेत.

लहान पाणकावळ्याची मादी साधारणतः तीन ते पाच अंडी घालते. पहिले अंडे घातल्यापासूनच उबविणे सुरू होते. त्यामुळे अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत. एकाच घरट्यात एक पिलू मोठे व दुसरे त्याच्या निम्म्याएवढे दिसते. गावकरी पुष्कळदा मोठ्या पिलास दुसऱ्या पक्ष्याचे समजतात. ती चूक होय. ती सर्व भावंडेच असतात.

अंड्यातून बाहेर पडलेले पिलू उघडे असते, त्याच्या अंगावर पिसे नसतात. काही दिवसांतच अंगावर काळी मऊ लव येते. लहान पाणकावळ्याच्या पिलाचे डोके मात्र काही काळ उघडेच राहून तांबूस दिसते. अंग काळे, डोके तांबडे व बोडके, ही खूण पाहताच बगळ्याच्या पिलाशी त्याची गल्लत होण्याचे कारण राहत नाही. पिलू भुकेले झाले म्हणजे आईबापांच्या घशात डोके खुपसून अर्धवट पचलेली मासळी खाते. उन्हाचा ताप वाढला की चोच उघडी ठेवून गळ्याची कातडी भराभर हालविते. हे आजाराचे चिन्ह नसून अंग थंड करण्याचा तो उपाय आहे.

सुमारे महिन्याभरात पिले घरट्याबाहेर पडून फांद्यांवर वावरू लागतात. या अवस्थेत ती घाबरल्यास पोटातील मासे ओकून टाकतात व कित्येकदा स्वतःही खाली पडतात. म्हणून विणीच्या झाडावर चढू नये, झाडाखाली गर्दी करू नये व दगड मारू नयेत. आईबाप उडून गेले की खरे कावळे अंडी व लहान पिले पळवितात.

उडू लागलेली पिले

खरा घोटाळा होतो तो पिले उडू लागल्यावर. या वेळी ती आकाराने प्रौढ पक्ष्याएवढी झालेली असतात, परंतु रंग वेगळा असतो.

लहान पाणकावळ्याचे पिलू काळे नसून तपकिरी असते. हनुवटी व गळा पांढुरका, छाती व पोट मळकट तपकिरी असून मध्ये फिकट छटा असते. येथे एक सावधगिरी बाळगावी. वीण नसलेल्या काळात प्रौढ लहान पाणकावळ्याचाही गळा पांढरा होतो. म्हणून केवळ पांढऱ्या गळ्यावरून त्यास पिलू म्हणू नये. सर्वांगाचा तपकिरी रंग व पोटाची फिकट छटा याही पाहाव्यात.

भारतीय पाणकावळ्याच्या पिलाची पाठ तपकिरी व खालची बाजू पांढुरकी असून तीवर तपकिरी शिंतोडे असतात. लांब बारीक चोच ही त्याची कायमची खूण होय. रंग बदलला तरी चोचीचा घाट बदलत नाही.

मोठ्या पाणकावळ्याच्या पिलाचे पोट पुष्कळदा चांगलेच पांढरे असते. मात्र सर्व पिलांत ते सारखे नसते. पूर्ण काळा पिसारा येण्यास दोनतीन वर्षे लागतात. त्यामुळे काळ्या पक्ष्यांच्या रांगेत पांढऱ्या पोटाचा एखादा पक्षी बसलेला पाहून "ही निराळी जात आली" असे ठरवू नये. त्याची चोच, मान व बसण्याची ढब शेजाऱ्यांशी ताडून पाहावी.

तात्पर्य, पिलाची जात ओळखताना रंगास दुय्यम व आकार, चोच आणि शेपूट यांस प्रथम स्थान द्यावे.

पाणकावळ्यासारखे दिसणारे इतर पक्षी

तिरंदाज : यास सापपक्षी असेही म्हणतात. लांबी सुमारे ९० सेंटिमीटर असते. तोही बुडी मारतो व पंख वाळवीत बसतो, म्हणून घोटाळा अधिक होतो. परंतु त्याची मान अतिशय बारीक व लांब असते, आणि चोच सुईसारखी सरळ, आकडा नसलेली असते. पोहताना अंग पूर्ण बुडालेले राहून केवळ मान वर दिसते. पाण्यातून साप डोके काढून चालला आहे असा भास होतो. माशाचा लांबवर पाठलाग न करता तो चोचीने त्यास भोसकतो. त्याची पिले पांढऱ्या लवेची असतात. काळी लव पाणकावळ्याची व पांढरी लव तिरंदाजाची, हा भेद सहज ध्यानात राहतो. पांढरी लव बगळ्याच्या पिलासही असते. त्याची खूण पुढे पायांच्या परीक्षेत दिली आहे.

टिबुकली : तळ्यावर टुपकन बुडी मारून भलतीकडेच वर येणारा हा लहानसा, गुबगुबीत पक्षी आहे. त्यास शेपूट जवळजवळ नसतेच. विणीच्या काळात गाल व मान तांबूस होतात. टिबुकली पंख पसरून वाळवीत नाही. तिचे घरटे पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींचे असते. पिलांच्या अंगावर पट्टे असून ती आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. मुख्य आहार पाणकिडे, बेडूकमासे व कोळंबीसारखे लहान जीव हा असून प्रसंगी ती लहान मासेही खाते.

चांदवा : काही भागांत यास वारकरी म्हणतात. अंग काळे, चोच व कपाळ पांढरे शुभ्र. हिवाळ्यात याचे मोठे थवे तळ्यावर उतरतात, आणि दुरून काळा थवा पाहून लोक "पाणकावळे आले" असे म्हणतात. वस्तुतः चांदव्याचा मुख्य आहार पाणवनस्पती हा आहे. तो बदकासारखा पाण्यावर उंच तरंगतो. कपाळाचा पांढरा ठिपका दिसला की शंका संपली.

पाणकोंबडी : पाठ काळसर, तोंड व छाती पांढरी आणि शेपटीखाली तांबूस रंग. ती काठच्या झुडपांत, पाणकणसांत चालत हिंडते व शेपूट झटकते. तिची पिले काळ्या लवेची असल्याने ती पाणकावळ्याची समजून मारली जातात. येथे एक नियम पक्का लक्षात ठेवावा : पाणकावळ्याची लवदार पिले झाडावरील घरट्यातच असतात, ती आईमागे धावत नाहीत व पाण्यातही उतरत नाहीत. काठावर आईमागून पळणारे काळे पिलू पाणकावळ्याचे नव्हे.

पायावरून निश्चित परीक्षा

झाडाखाली पडलेले पिलू हाती आले आणि पिसांवरून काही बोध होत नसेल, तर त्याचा पाय पाहावा. ही परीक्षा सर्वांत भरवशाची आहे.

१. चारही बोटे एकाच पातळ कातडीने जोडलेली असल्यास ते पिलू पाणकावळ्याचे किंवा तिरंदाजाचे होय. मग लवेचा रंग व चोचीचे टोक पाहून त्या दोहोंत निवड करावी.
२. पुढची तीनच बोटे जोडलेली व मागचे बोट सुटे असल्यास ते बदकाच्या कुळातील आहे.
३. प्रत्येक बोटाच्या कडेस स्वतंत्र पाकळ्यांसारखी कातडी असल्यास ते चांदव्याचे किंवा टिबुकलीचे आहे.
४. बोटे लांब, सुटी व पाय उंच असल्यास ते बगळ्याचे किंवा पाणकोंबडीचे आहे. बगळ्याची चोच लांब व सरळ असते. पाणकोंबडीची आखूड असते.

पिलू हाताळताना ते आपल्या चेहऱ्यापासून दूर धरावे. बगळा, तिरंदाज व पाणकावळा यांची पिले भीतीने डोळ्यांकडे चोच मारतात. अंगाभोवती जाडसर कापड गुंडाळावे. चोचीत पाणी ओतू नये, दूध-भाकरी भरवू नये. शक्य असल्यास त्याच झाडाच्या सुरक्षित फांदीवर ठेवावे. पिलू जखमी असल्यास वन विभागास कळवावे.

नुकसानीचा अंदाज कसा घ्यावा

ओळख झाल्यावर मोजणी करावी. सूर्य पाठीशी ठेवून सकाळी तळ्याकाठी एका जागी अर्धा तास बसावे. प्रत्येक जातीचे पक्षी किती, त्यांपैकी बुडी मारणारे किती, व बुडीनंतर चोचीत मासा घेऊन वर आलेले किती, हे वहीत लिहावे. पाणकावळा मासा बहुधा पाण्याबाहेर डोके काढून गिळतो, म्हणून हे पाहणे कठीण नाही. असे पंधरा दिवस केल्यास ऐकीव गोष्टींऐवजी प्रत्यक्ष नोंद हाती येते.

दुसरा पुरावा विणीच्या झाडाखाली मिळतो. पिलांनी ओकलेले व चोचीतून निसटलेले मासे तेथे पडलेले असतात. पक्षी दूर असताना ते पाहावेत. त्यांत रोहू-कटल्याची बोटुकली किती व आपोआप वाढणारे लहान रानमासे किती, हे मच्छीमार बांधव चटकन सांगू शकतात. पाणकावळा निवड करीत नाही. जे सहज सापडेल ते खातो. रानमासे व मरळीची पिले हीही त्याच्या भक्ष्यात येतात. हे मासे आपल्या बीजाशी अन्नासाठी स्पर्धा करतात, आणि मरळ तर बीजच खाते. अर्थात पाणकावळा सर्वस्वी शत्रूही नव्हे. त्याची विष्ठा तळ्यात पडून पाण्यास खतही मिळते. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या बेटांवर साठलेली पाणकावळ्यांची व इतर समुद्रपक्ष्यांची विष्ठा एकोणिसाव्या शतकात "ग्वानो" खत म्हणून जगभर विकली जात होती.

मासळी कमी निघण्याची अन्य कारणेही तपासावीत. बीज फार लहान सोडले काय ? सांडव्यावर जाळी होती काय, की पुराबरोबर बीज वाहून गेले ? तळ्यात मरळ फार आहे काय ? ढगाळ दिवसांत पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडीत होते काय ? या प्रश्नांची उत्तरे न शोधता पक्ष्यांवर दोष ठेवल्यास पुढील वर्षीही तोटा तेवढाच होईल.

उपाय

१. मोठे बीज सोडावे. लहान पाणकावळा मुख्यतः बोटभर किंवा त्याहून लहान मासे पकडतो. मत्स्यजिरे किंवा अर्धबोटुकली थेट मोठ्या तळ्यात न सोडता संगोपन तळ्यात वाढवावी व सुमारे १०० मिलिमीटर लांबीची बोटुकली झाल्यावर सोडावी. किंमत थोडी अधिक पडली तरी जगणाऱ्या माशांचे प्रमाण वाढते.

२. संगोपन तळी व शेततळी झाकावीत. यांचे क्षेत्र लहान असल्याने वरून ताणून बसविलेले जाळे परवडते. जाळे सैल ठेवू नये; सैल, बारीक धाग्याच्या जाळ्यात पक्षी अडकून मरतात व जाळेही फाटते.

३. राखण करावी. बीज सोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सकाळ-संध्याकाळ काठावर माणूस असावा. बुजगावणे उभे केल्यास त्याची जागा दर दोनतीन दिवसांनी बदलावी; एका जागी उभ्या असलेल्या बुजगावण्यावर पाणकावळा स्वतःच पंख वाळवीत बसतो.

४. बसण्याच्या जागा कमी कराव्यात. संगोपन तळ्यातील अनावश्यक खुंट व बांबू काढून टाकावेत. मोठ्या तळ्याकाठची विणीची झाडे मात्र तोडू नयेत.

कायद्याची मर्यादा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या पक्ष्यांस संरक्षण आहे. त्यांना मारणे, पकडणे, तसेच त्यांची अंडी व घरटी यांस उपद्रव देणे हेही शिकार या संज्ञेत येते व तो अपराध ठरतो. घरटी असलेले झाड पाडण्याचा ठराव ग्रामसभेने केला म्हणून तो कायदेशीर होत नाही. हे ग्रामकार्यकर्त्याने गावकऱ्यांस आधीच समजावून सांगावे. विषारी आमिषाचा विचारही मनात आणू नये. त्याच पाण्यावर गावाची गुरे येतात, आणि तीच मासळी आपल्या घरी शिजते.

सारांश

पाणकावळा ओळखावा तो आकड्याच्या चोचीवरून, ताठ शेपटीवरून व पंख वाळविण्याच्या सवयीवरून, रंगावरून नव्हे. पिलू ओळखावे ते काळ्या लवेवरून व चारही बोटे जोडलेल्या पायावरून. चांदवा, टिबुकली व पाणकोंबडी यांस त्यांच्या काळ्या रंगासाठी शिक्षा देऊ नये. आधी ओळख, मग मोजणी, आणि शेवटी उपाय, हा क्रम पाळणाऱ्या गावाची मासळीही वाचेल व तळ्याची शोभाही टिकेल.

उजळणीसाठी प्रश्न

१. पाणकावळा पंख पसरून का बसतो ?
२. एकाच घरट्यातील पिले लहानमोठी का असतात ?
३. काठावर आईमागे धावणारे काळे पिलू पाणकावळ्याचे नाही, हे कशावरून सांगाल ?
४. पायाच्या बोटांवरून बदक, चांदवा व पाणकावळा यांच्या पिलांतील भेद सांगा.
५. आपल्या गावच्या तळ्यावर पंधरा दिवस नोंद ठेवा व ती मच्छीमार संस्थेच्या सभेत वाचून दाखवा.